हक्कु यारदु? – तेरेखोलच्या तटावर पडलेला एक प्रश्न

आमच्या घरात दोन भाषा एकाच चुलीवर शिजतात. माझी मराठी खानापूरकडची, सौभाग्यवतींची कन्नड धारवाडची. मुलगी कधी इकडची, कधी तिकडची. एखादा शब्द दोन्हीकडे सारखा निघाला की तिला नवल वाटते आणि ती तो वहीत लिहून ठेवते. गेल्या डिसेंबरात तिने असाच एक शब्द लिहिला. मराठीत 'हक्क', कन्नडमध्ये 'हक्कु'. मूळ शब्द अरबी, पण आता दोन्ही घरी तो इतका रुळला आहे की परका वाटत नाही.

शब्द निघायला कारण होते माझ्या पिशवीतला एक कागद. वडील जाऊन वर्ष झाले होते. खानापूर तालुक्यातली थोडी जमीन आणि गावचे घर, एवढीच इस्टेट. वारसांत आई, मी आणि माझी थोरली बहीण. तिला आम्ही अक्का म्हणतो. अक्का लग्न होऊन सावंतवाडीला दिलेली. भाऊबंदांच्या सांगण्यावरून मी वकिलांकडून हक्कसोड पत्राचा मसुदा करून घेतला होता. कन्नडमध्ये त्यालाच 'हक्कु बिडुगडे पत्र' म्हणतात. अक्काने वाचून होकार द्यायचा, मग एक दिवस येऊन नोंदणी करून जायचे. आमच्या भागात हे इतके रीतीचे झाले आहे की त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. मलाही वाटले नव्हते.

आंबोली घाट उतरून आम्ही सावंतवाडीला पोचलो. दुसऱ्या दिवशी मुलीने हट्ट धरला, समुद्र बघायचा. अक्का म्हणाली, "तेरेखोलला जाऊया. किल्लाही होईल आणि समुद्रही." कागद पिशवीतच राहिला. म्हटले, संध्याकाळी निवांत बोलू.

शिरोड्याची मिठागरे मागे टाकून आम्ही रेडीकडे वळलो. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने हे शिरोडे देशभर गाजले होते. रेडीच्या पुढे चढणीवर कधी महाराष्ट्र संपला आणि गोवा लागला, कळलेही नाही. तेरेखोल हा पेडणे तालुक्याचा एक कोपरा, पण तालुका नदीच्या दक्षिणेला आणि हा उत्तरेला. बाकीच्या गोव्याकडे जायचे तर केरीची फेरीबोट धरावी लागते. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. आत एक टुमदार चर्च, भोवती तट, खाली नदीचे मुख आणि पलीकडे केरीची वाळू. या किल्ल्यात पुढे अनेक वर्षे हॉटेलही चालले.

मुलीच्या शाळेत त्या वेळी फ्रेंच राज्यक्रांती शिकवत होते. परीक्षेला 'मानवाच्या व नागरिकाच्या हक्कांचा जाहीरनामा' येणार म्हणून ती पुस्तक गाडीतही घेऊन आली होती. तटावर बसल्या बसल्या तिने आईला विचारले, "हक्क म्हणजे हक्कुच ना?" सौभाग्यवती समुद्राकडे बघत म्हणाल्या, "हौदु, हक्कु. आदर यारदु?" म्हणजे, हो, हक्क खरा, पण कुणाचा?

त्या सहज बोलून गेल्या. पण त्या जाहीरनाम्याचा सगळा इतिहास या एका प्रश्नात मावतो, आणि तेरेखोलचाही.

पॅरिसमधला कागद

२६ ऑगस्ट १७८९ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने हा जाहीरनामा संमत केला. कलमे अवघी सतरा. माणसे जन्मतः स्वतंत्र आणि हक्कांच्या बाबतीत समान असतात, हे पहिले कलम. पुढे कायदा सर्वांना सारखा, विनाकारण अटक नाही, धर्माच्या किंवा मताच्या कारणाने छळ नाही, बोलण्याची, लिहिण्याची, छापण्याची मोकळीक. राजाच्या मर्जीने जगणाऱ्या माणसाला प्रथमच कुणीतरी लेखी सांगितले की हे तुला कुणी दिलेले नाही, हे तुझेच आहे.

हे विचार एका रात्रीत आले नव्हते. रूसो आणि माँतेस्क्यूसारख्यांनी पन्नास वर्षे जमीन नांगरून ठेवली होती. समुद्रापलीकडे अमेरिकेत व्हर्जिनिया प्रांताने जून १७७६ मध्ये हक्कांचा असाच एक जाहीरनामा काढला होता. अमेरिकेच्या लढाईत लढून आलेला तरुण सरदार लाफाएत याने पॅरिसच्या सभेपुढे पहिला मसुदा ठेवला. तो लिहिताना त्याने अमेरिकेचे त्या वेळचे पॅरिसमधले वकील टॉमस जेफरसन यांचा सल्ला घेतला होता.

पण शाई वाळायच्या आधीच 'यारदु?' हा प्रश्न उभा राहिला. ठरावीक कर भरणाऱ्या पुरुषांनाच मत मिळाले, गरिबांना नाही. बायका तर कुठेच नव्हत्या. ओलांप द गूज नावाच्या लेखिकेने १७९१ साली त्याच नमुन्यावर स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहून काढला. दोन वर्षांनी राजकीय लिखाणाच्या आरोपावरून तिला गिलोटीनवर चढवले. फ्रान्सच्या ताब्यातल्या सेंट डोमिंग बेटावरच्या गुलामांनी म्हटले, माणसे जन्मतः स्वतंत्र असतील तर आम्ही कोण? १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी उठाव केला. १७९४ साली फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली, १८०२ साली नेपोलियनने ती परत आणली. शेवटी १ जानेवारी १८०४ रोजी त्या बेटाने हैती या नावाने आपले स्वातंत्र्य जाहीर केले. हक्कांचा कागद लिहिणाऱ्यांनी ज्यांना मोजले नव्हते, त्यांनीच तो सगळ्यांत गंभीरपणे वाचला.

कागद गोव्यात पोचतो

हा वारा पोर्तुगालला जरा उशिरा लागला. १८२० साली ओपोर्तो शहरात उदारमतवाद्यांनी क्रांती केली आणि १८२२ साली पोर्तुगालची पहिली राज्यघटना झाली. तिच्यात नागरिकांच्या हक्कांना स्थान होते आणि समुद्रापारचे मुलूखही राष्ट्राचा भाग मानले होते. म्हणजे पणजीतला माणूस निदान कागदावर लिस्बनमधल्या माणसाच्या बरोबरीचा झाला. गोव्यातून लिस्बनच्या संसदेसाठी तीन प्रतिनिधी निवडले गेले. त्यांत दोघे गोमंतकीय होते, बेर्नार्दो पेरिस द सिल्व्हा आणि कॉन्स्तांसियु रॉक द कॉश्त. जहाजाने ते लिस्बनला जाऊन पोचेपर्यंत तिथे राजाने घटनाच गुंडाळली होती!

पेरिस द सिल्व्हा हे तिसवाडीतल्या नेवऱ्याचे. पुढे पोर्तुगालात राजसत्तावादी आणि घटनावादी यांच्यात यादवी माजली, तेव्हा त्यांना परागंदा व्हावे लागले. १८३४ साली घटनावादी जिंकले आणि त्यांनी एक धाडसी गोष्ट केली. गोव्याचा कारभार पेरिस द सिल्व्हा यांच्या हाती दिला. १४ जानेवारी १८३५ रोजी त्यांनी 'प्रिफेक्ट' म्हणून सूत्रे घेतली. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीत या खुर्चीवर बसलेले हे एकमेव गोमंतकीय.

खुर्ची टिकली जेमतेम अठरा दिवस. काळ्या माणसाचा हुकूम पाळायचा ही कल्पनाच गोऱ्या आणि मिश्र वंशाच्या लष्करी अधिकाऱ्यांना सोसली नाही. १ फेब्रुवारीला त्यांनी बंड करून प्रिफेक्टांना पदच्युत केले. पेरिस द सिल्व्हा मुंबईला गेले. तिथून परत येण्याची खटपट फसली आणि मग दमणमध्ये त्यांनी काही काळ आपले सरकार चालवले. इकडे गोव्यात त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांवर सूड उगवला गेला. मे महिन्यात पणजीजवळ गास्पार दियश येथे त्यांच्या पक्षाच्या सैनिकांची कत्तल झाली. आणि त्याच धामधुमीत आमच्या पायाखालच्या या तेरेखोलच्या किल्ल्यातही त्यांच्या बाजूच्या लोकांचे रक्त सांडले.

मला प्रामाणिकपणे सांगायचे तर पोर्तुगीज किल्ला म्हटल्यावर मनात येतात त्या तोफा आणि चर्च. घटनेने दिलेल्या हक्काच्या पाठीशी उभे राहिले म्हणून माणसे इथे मारली गेली, हे तिथे बसून आठवताना अंगावर काटा आला. सर्व नागरिक समान, हे वाक्य मान्य करायला कुणाची हरकत नव्हती. त्या वाक्याप्रमाणे एक नेवरेकर खरोखरच खुर्चीवर येऊन बसला, तेव्हा बंदुका बाहेर निघाल्या.

मडगावचा पाऊस, लोंढ्याची बैठक

पुढचे शतक असेच खालीवर होत गेले. १९१० साली पोर्तुगालात राजा गेला, प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदूंनाही बरोबरीचे दरवाजे उघडले. मग सालाझारची हुकूमशाही आली. १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांना पुन्हा खालच्या पायरीवर बसवले. सभेला परवानगी, छापायला परवानगी. लग्नपत्रिकासुद्धा आधी सरकारी तपासनिसाला दाखवावी लागे, असे त्या पिढीतले लोक सांगत.

या कोंडीला तोंड फोडले डॉ. राममनोहर लोहिया यांनी. जून १९४६ मध्ये ते असोळण्याला आपले बर्लिनमधले जुने स्नेही डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे विश्रांतीसाठी आले होते. १८ जूनला मडगावात भर पावसात लोक जमले. कॅप्टन मिरांडा नावाच्या अधिकाऱ्याने पिस्तूल काढले आणि लोहियांनी त्याला हाताने बाजूला सारले, ही हकिगत आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. पण लोहियांनी त्या दिवशी मागितले काय, हे फारसे सांगितले जात नाही. त्यांनी आधी मागितले ते नागरी हक्क. बोलू द्या, छापू द्या, सभा घेऊ द्या. सरकारला त्यांनी तीन महिन्यांची मुदत दिली. गांधीजींनी 'हरिजन'मधून पाठराखण केली. म्हणजे १७८९ च्या त्या सतरा कलमांतलीच दोन-तीन कलमे मडगावच्या चिखलात उभी राहून मागितली गेली. त्यासाठी त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे, जुझे इनासियु द लोयोला यांना थेट पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबले.

याच लढ्याचे एक पान आपल्या जिल्ह्यात लिहिले गेले, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे. गोव्यात सभा घेता येत नव्हती म्हणून नॅशनल काँग्रेस (गोवा) ही संघटना ऑगस्ट १९४६ मध्ये आपल्या खानापूर तालुक्यातल्या लोंढ्याला स्थापन झाली. बेळगाव हे पुढे गोव्याच्या कार्यकर्त्यांचे आश्रयस्थान झाले. १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या रानातून गुप्त रेडिओ चालवला. जे गोव्यात बोलता येत नव्हते, ते आपल्या जंगलातून गोव्याला ऐकवले गेले. गोव्याचा आवाज काही वर्षे आपल्याकडे मुक्कामाला होता म्हणा ना!

आणि तेरेखोल? १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेद अफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी याच किल्ल्यात शिरली आणि तिने तिरंगा फडकवला. त्या दिवशी गोवेकरांनीच पुढे व्हायचे असे ठरले होते. गोव्याचे ख्रिस्ती लोक पोर्तुगीजांच्या बाजूचे आहेत, या प्रचाराला अफोन्सो यांच्या नावानेच उत्तर मिळाले. त्यांना पकडले गेले. पुढच्या वर्षी पत्रादेवीसारख्या सीमेवरच्या नाक्यांवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, वीसहून अधिक माणसे गेली. हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर ही नावे तेरेखोलशी कायमची जोडली गेली आहेत.

एकशेवीस वर्षांच्या अंतराने एकाच तटावर दोनदा तोच प्रश्न विचारला गेला आणि दोन्ही वेळा राज्यकर्त्यांनी तेच उत्तर दिले. हक्क आहेत, पण तुमचे नाहीत.

अक्काचा कागद

मुलीला मी हे सगळे जमेल तसे सांगत होतो. तिने विचारले, "मग बायकांचे काय झाले? त्या लेखिकेला मारले, पुढे?" मी सांगितले की संयुक्त राष्ट्रसंघाने १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा केला, तोही पॅरिसमध्येच. त्याच्या मसुद्यात आधी इंग्रजीतला 'पुरुष' या अर्थाचा शब्द होता. आपल्या हंसा मेहता यांनी तो बदलून 'सर्व मानव' असा करून घेतला. एका शब्दाचा फरक, पण निम्मे जग आत आले.

मुलगी खूश झाली. अक्का शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "गोव्यात मुलींना बापाच्या इस्टेटीत वाटा असतो ना रे? आमच्या शेजारणीचे माहेर पेडण्याचे. ती सांगते."

मी म्हणालो, असतो. पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा गोव्याला १८७० पासून लागू झाला आणि मुक्तीनंतरही तो राहिला. आता गोव्याचा स्वतःचा वारसा कायदा आहे, पण मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा, हे सूत्र तेच. ज्या राजवटीने या तटावर माणसे मारली, तिच्याच कायद्याने गोव्याच्या लेकींना दीडशे वर्षांपूर्वी वाटा दिला. इतिहास असा सरळ रेघेत चालत नाही.

"आणि आपल्याकडे?"

आपल्याकडे हिंदू एकत्र कुटुंबाच्या इस्टेटीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क मिळायला फार वेळ लागला. कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांनी १९९४ साली तो काही अटींवर दिला. लग्न झालेल्या लेकी तेव्हा बाहेरच राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर तो सर्व मुलींना लागू झाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने वडील आधी वारले होते की नंतर, हा वादही मिटवला. हे सगळे मला वकिलांनी सांगितले होते. सांगून झाल्यावर त्यांनीच विचारले होते, "मग हक्कसोड करून घ्यायची ना?"

हे बोलता बोलता माझीच मला लाज वाटू लागली. १८३५ च्या अधिकाऱ्यांना मी मघापासून नावे ठेवत होतो. कायदा होता, समानता लिहिलेली होती, फक्त ती समोरच्याने वापरू नये अशी त्यांची इच्छा होती. माझ्या पिशवीतल्या कागदाची तरी वेगळी इच्छा काय होती? बंदूक नव्हती, इतकेच. तिच्या जागी रीत होती.

अक्काला पिशवीत काय आहे हे ठाऊक असावे. ती म्हणाली, "मी सही करायला तयारच होते. मला जमीन नको. पण सही नाही केली तर माहेर तुटेल, ही भीती आहे. ती भीती नसती तर मी काय केले असते, ते मलाच माहीत नाही बघ."

या वाक्यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. भीतीने सोडलेला हक्क आणि प्रेमाने सोडलेला हक्क यांत फरक असतो. नोंदणी कार्यालयात मात्र दोन्हींचा कागद एकच निघतो.

गोव्यातही प्रत्येक बहीण वाटा घेतेच असे नाही. नात्यागोत्याचा रेटा तिकडेही असतो. कायदा दार उघडून देतो, आत ये असे म्हणायला मात्र घरातलेच कुणीतरी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर भाषण केले होते. तेरेखोलवर तिरंगा लागला त्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाकडून घेतली, असे त्यांनी त्यात स्पष्ट केले. आणि या तिघांत त्यांनी सर्वांत वरचे स्थान दिले ते बंधुतेला. स्वातंत्र्य आणि समता नाकारली जाऊ नये यासाठी खरा पहारा बंधुतेचाच, असे त्यांचे म्हणणे. कायदा मोडता येतो. भाऊ म्हणून जे आतून वाटते, ते मोडायला जड जाते.

शाळेत आम्ही स्वातंत्र्य आणि समता यांवर निबंध लिहिले. बंधुता हा शब्द राष्ट्रगीतासारखा उभे राहून म्हटला आणि बसलो. तो शब्द मलाही उद्देशून आहे, हे तेरेखोलच्या तटावर अक्काशेजारी बसल्यावर कळले.

केरीची फेरीबोट समोरून येत होती. मुलीला तिच्यात बसायचे होते म्हणून आम्ही उगीचच पलीकडे जाऊन परत आलो. बोटीत पेडण्याच्या बाजूची माणसे, माशांच्या पाट्या, मोटारसायकली. सौभाग्यवती आणि अक्का एका बाजूला उभ्या राहून काहीतरी बोलत होत्या, निम्मे कन्नड, निम्मे मराठी. काय बोलत होत्या ते मी विचारले नाही.

तो कागद मी सावंतवाडीत बाहेर काढलाच नाही. परत आल्यावर भाऊबंदांनी विचारले, सही झाली का? मी म्हणालो, करायची नाही असे ठरले. थोडी कुरकुर झाली. एका काकांनी चार महिने बोलणे टाकले, आता पुन्हा बोलतात. मार्चमध्ये तलाठ्याकडे वारसा नोंद झाली आणि नवा उतारा हातात आला. कन्नडमध्ये आहे. मुलीने तो मोठ्याने वाचला. पहिले नाव आईचे, दुसरे अक्काचे, तिसरे माझे.

त्याची एक प्रत मी अक्काला टपालाने पाठवली. उलट तिचा फोन आला. उताऱ्याविषयी ती काही बोलली नाही. विचारले एवढेच, "या वर्षी आंबे उतरवायला कधी येऊ?"